डोईवरचे तेल

मराठीत अंघोळ रोजची असते, न्हाणे रोजचे नसते. बाईने ‘आज न्हायले’ म्हटले की तिने डोक्यावरून पाणी घेतले, हे घरातल्या पोरासोरांनाही कळत असे. मुलगी वयात आली की तिला ‘न्हाण आले’ म्हणत. बाळंतिणीचे न्हाणे वेगळे, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊमाखू घालणे वेगळे, नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणखी वेगळे. एका क्रियेभोवती एवढे शब्द जमतात तेव्हा तिच्यामागे एक व्यवस्था उभी असते. कोणी, कोणत्या वारी, काय लावून आणि कोणाच्या हातून न्हायचे, हे सगळे त्या व्यवस्थेत ठरलेले असते. तिच्या एका कोपऱ्याकडे मी इथे पाहणार आहे. केसांसाठी घरच्या घरी, चुलीवर आणि पाट्यावर, बहुतांशी स्वयंपाकाच्याच जिनसांतून केली जाणारी तेले, लेप आणि न्हाण्याची पूड हा तो कोपरा.

मी इतिहासाची पदवीधर नाही. पोटापाण्याचे काम हिशेबनिसाचे. सुट्टीच्या दिवशी ग्रंथालये पालथी घालायची आणि सत्तरी ओलांडलेल्या बायकांना बोलते करून वहीत टिपणे घ्यायची, एवढीच माझी साधना. सुरुवातीला मी फक्त कृती जमवत होते. पुढे ध्यानात आले की कृती सांगताना प्रत्येक बाई न विचारता आणखी काही सांगून जाते. तेल कोण कढवायचे, ते पहिल्यांदा कोणाच्या डोक्याला लागायचे आणि कोणाच्या डोक्याला कधीच लागायचे नाही. या तिसऱ्या गोष्टीने मला कृतींकडून इतिहासाकडे ढकलले.

वहीतल्या कृती

आधी कृतींबद्दल. कोकणात नारळ हा सगळ्याचा पाया. ओला नारळ खवून, वाटून, पिळून त्याचा दाट रस काढायचा, तो केसांच्या मुळांशी चोळून तास-दीड तास ठेवायचा आणि मग न्हायचे. हाच रस मंद आचेवर आटवत नेला की पाणी उडून तेल वर येते आणि तळाशी तांबूस साका उरतो. तेल बाटलीत जाते, साका पोरे गुळाबरोबर खातात. जास्वंदीची पाने पाण्यात कुस्करली की बुळबुळीत, फेसाळ लगदा होतो. तो लावला की केस न ओढता विंचरता येतात. घाट चढून देशावर आले की नारळ महाग होतो आणि त्याची जागा तीळ, मेथी, ताक, दही घेतात. रात्रभर भिजवलेली मेथी पाट्यावर वाटून आंबट दह्यात कालवलेला लेप मला कितीतरी घरांत सांगितला गेला. विदर्भात जवस. ते उकळून निघणारा चिकट काढा फडक्यातून गाळून ओल्या केसांना लावायचा. तांदळाचे धुवण किंवा पेजेचे पाणी शेवटच्या तांब्यात घेणाऱ्या बायका मला सगळीकडे भेटल्या.

न्हाण्याच्या पुडीत शिकेकाई मुख्य. तिच्या जोडीला रिठा आणि आवळकाठी, पण रिठा बेताने, कारण तो केस कोरडे करतो आणि डोळ्यांत गेला तर डोळे लाल होतात. मग ऐपतीप्रमाणे नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गवला कचोरा, संत्र्याची वाळवलेली साल, मेथी. शिकेकाई कुटणे हे सोपे काम नव्हते. नाकातोंडाला पदर बांधून बायका ती उखळात कुटत, तरी शिंकांनी बेजार होत. ज्यांच्याकडे यातले काहीच नसे त्या नदीकाठची चिकणमाती किंवा आंबलेले ताक वापरत. तीही कृतीच आहे, आणि अडाणी मुळीच नाही. तिचे कारण पुढे येईल.

तेलाची कृती सगळ्यांत नेमकी. माक्याचा रस, आवळा, ब्राह्मी, जास्वंदीची फुले यांपैकी जे मिळेल ते तेलात घालून लोखंडी कढईत कढवायचे. किती कढवायचे? साताऱ्याकडच्या एका आजींनी सांगितले, ‘कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. चुरचुरली तर पाणी आहे, मुकाट जळली तर तेल झाले.’ रसाचे प्रमाण विचारले तर म्हणाल्या, वाटीभर तेलाला चार वाट्या रस. मी घरी येऊन शार्ङ्गधरसंहितेचे भाषांतर उघडले. औषधी तेल सिद्ध करताना वाटलेल्या औषधाच्या चौपट स्नेह आणि स्नेहाच्या चौपट द्रव घ्यावा, आणि सिद्ध झालेला स्नेह विस्तवावर आवाज करत नाही, असे तिथे सांगितले आहे. आजींनी शार्ङ्गधराचे नावही ऐकलेले नव्हते. ग्रंथातून हे स्वयंपाकघरात उतरले की स्वयंपाकघरातून ग्रंथात चढले, याचा निवाडा करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. दोन्हीकडचे माप एकच आहे, एवढे पुरे.

राजाचे न्हाणे लिहिले गेले

केसांच्या निगेबद्दल आपल्याकडे लिहिले गेलेच नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अख्खा अध्याय आहे आणि त्याच्या आरंभीच पांढरे केस काळे करण्याची कृती येते. कोद्र्याचे तांदूळ लोखंडाच्या चुऱ्यासह आंबवणीत, लोखंडी भांड्यातच शिजवायचे, बारीक वाटायचे, आंबवणीने ओल्या केलेल्या केसांवर थापायचे आणि ओल्या पानांनी डोके गुंडाळून बसायचे. दोन प्रहरांनी तो लेप काढून आवळ्याचा लेप लावायचा, पुन्हा पाने गुंडाळायची, पुन्हा दोन प्रहर थांबायचे आणि मग धुवायचे. आज केसांना लेप लावून डोक्याला गरम टॉवेल बांधून बसणाऱ्या मुलींना सांगायला हवे की या बैठकीला किमान चौदाशे वर्षे झाली आहेत. टॉवेलच्या जागी तेव्हा पाने होती, एवढाच फरक.

ही कृती रसायनाच्या अंगानेही चोख आहे. आंबट द्रवात लोह उतरते, आवळ्यात तुरट द्रव्ये असतात, आणि दोन्ही भेटली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई याच तत्त्वावर काळी होते. म्हणजे पोथी ज्या काळ्या रंगाने लिहिली जाई, त्याच्याच सख्ख्या भावंडाने केस रंगवले जात. माक्याचे तेल लोखंडी कढईतच का कढवायचे, पितळीत का नाही, असे मी विचारले की बायका ‘तशी रीत आहे’ म्हणत. रीतीला कारण होते.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लास हा कोशवजा ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांत त्याने स्नानभोगाला स्वतंत्र जागा दिली आहे आणि त्यात तेलाच्या अभ्यंगाचे वर्णन आहे. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या दिनक्रमात ‘मर्दना’ आणि ‘मादणे’ हे शब्द सहज येतात. अंगाला तेल चोळणे आणि नंतरचे स्नान मराठीच्या पहिल्या गद्यातच हजर आहे.

मराठीच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट पुण्यात घडली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांना हस्तलिखितांच्या गठ्ठ्यात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे सुगंधविद्येवरचे दोन ग्रंथ सापडले. त्यांपैकी गंधवादावर जुनी मराठी टीका आहे. गोडे यांनी त्यावर लेख लिहून विद्वानांचे लक्ष वेधले, आणि पुढे १९८९ मध्ये वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ग्रंथमालेत, रामकृष्ण तुळजाराम व्यास यांच्या संपादनाखाली, दोन्ही ग्रंथ त्या मराठी टीकेसह छापले. सुगंधी तेले, उटणी आणि स्नानाची द्रव्ये कशी करावीत हे कोणाला तरी मराठीत समजावून सांगण्याची गरज वाटली होती, याचा तो पुरावा आहे.

मात्र या सर्व ग्रंथांत वाचक कोण आहे? राजा, नागरक, वैद्य, गंधी. तेल लावून घेणारे डोके त्यांत आहे, तेल कढवणारे हात क्वचित. घरातली बाई आठवड्याला पाच-सात डोकी न्हाऊ घालत होती, तिचे ज्ञान लिहिण्याजोगे मानले गेले नाही. पुढे मराठीत पाककृतींची पुस्तके आली. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने तर घराघरांत जागा मिळवली आणि वाटी-चमच्याचे माप रूढ केले. न्हाण्याच्या कृतींना अशी ‘रुचिरा’ लाभली नाही. त्या सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे तोंडी चालत राहिल्या, आणि जिथे तोंड बंद झाले तिथे संपल्या.

या कृती चालतात कशा

या कृतींची भलामण करणाऱ्यांनी त्यांना जादू मानले आणि टिंगल करणाऱ्यांनी खुळचटपणा. दोन्हींत शोध थांबतो. म्हणून थोडे केसाविषयी.

केसाचा बाहेरचा थर माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक बसलेला असतो. अल्कधर्मी पाण्यात ही खवली उचलली जातात, केस खरखरीत होतो, एकमेकांत अडकतो. सौम्य आम्लात ती मिटतात. साधा साबण अल्कधर्मी असतो. त्यात दख्खनच्या विहिरींचे जड पाणी मिळाले की साबणाचा चिकट साका केसांवरच बसतो. शिकेकाईचा फेस सॅपोनिन या द्रव्यामुळे येतो आणि तिचा काढा किंचित आम्लधर्मी असतो. त्यामुळे मळ निघतो, पण केस राठ होत नाही. शेवटच्या तांब्यात लिंबू पिळणारी आणि आंबलेल्या ताकाने डोके धुणारी बाई नेमके हेच साधत होती. ताक वापरणाऱ्या गरीब घरातल्या कृतीला मी अडाणी म्हटले नाही ते यासाठी. मेथी, जवस आणि जास्वंदीचा चिकटपणा केसांवर पातळ थर धरतो आणि विंचरताना होणारे घर्षण कमी करतो.

खोबरेल तेलाची गोष्ट आणखी पुढची आहे. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी किंवा नंतर लावले असता केसातल्या प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाली. बाकी दोन तेलांनी तसे झाले नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान, सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते, हेही सांगितले पाहिजे. तरीही ‘आदल्या रात्री तेल, दुसऱ्या दिवशी न्हाणे’ या जुन्या क्रमाला त्यातून आधार मिळतो.

सगळेच खरे ठरते असे नाही. अंड्यातले प्रथिन केसात शिरण्याइतके लहान नसते. ते वरवर बसते आणि धुऊन जाते. तेलाने टाळूच्या मुळातून नवे केस उगवतात, या समजुतीला मी माझ्या वहीत फक्त समजूत म्हणून जागा दिली आहे.

ज्यांना तेल निषिद्ध होते

आता वहीतल्या त्या तिसऱ्या गोष्टीकडे येते.

स्कंदपुराणाच्या काशीखंडात विधवेच्या आचाराचे वर्णन आहे. विधवेने वेणी बांधली तर तो बंध परलोकात पतीला पडतो, म्हणून तिने सदा मुंडण करावे, असे तिथे म्हटले आहे. त्याच ओघात तिने अंगाला उटणे लावू नये, सुगंधी द्रव्ये भोगू नयेत, असेही आहे. म्हणजे केस, उटणे आणि सुगंध एकाच दमात काढून घेतले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या वपनाच्या चालीची चिकित्सा केली आहे आणि तिला प्राचीन स्मृतींचा भक्कम आधार नाही, ती उत्तरकालीन आहे, असे दाखवले आहे. आधार असो वा नसो, ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींतल्या कित्येक मुलींच्या डोक्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वस्तरा फिरला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वस्तऱ्याविरुद्ध महाराष्ट्रात चहूबाजूंनी आवाज उठला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विधवेला एक न्याय आणि विधुराला दुसरा का, असे खडसावून विचारले. १८९० मध्ये सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. हातात वस्तरा असलेल्यांनीच तो खाली ठेवावा, ही घटना मला आजही थक्क करते. त्याच सुमारास हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापून येत होती, आणि तिच्यातल्या यमूच्या केशवपनाने हजारो घरांतले वाचक हादरले. पार्वतीबाई आठवले तरुणपणीच विधवा झाल्या आणि त्यांचे केशवपन झाले. धोंडो केशव कर्व्यांच्या संस्थेसाठी वणवण फिरून निधी गोळा करणाऱ्या या बाईंनी पुढे विचारपूर्वक केशवपन बंद केले. १९२८ च्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी या प्रश्नाची मोकळी चर्चा केली आहे.

हा सुधारणेचा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याची घरातली दुसरी बाजू मात्र मला कृती गोळा करताना दिसली. अशा घरांत आलवण नेसलेली सोवळी बाई स्वयंपाकघराचा कणा असे. ती आत्या असे, मोठी जाऊ असे, चुलतसासू असे. पहाटे उठून चूल पेटवणे, दळण, कांडण, सगळे तिच्याकडे. मग घरातली शिकेकाई कोण कुटणार? दिवाळीचे उटणे कोण वाटणार? माक्याचे तेल कोण कढवणार?

रत्नागिरीकडच्या, नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका बाईंना मी तेलाची कृती विचारली. त्यांनी ती बारकाव्यांसह सांगितली. माका फुलावर असताना का घ्यायचा, आच केव्हा कमी करायची, वाळा कोणत्या क्षणी टाकायचा. कोणाकडून शिकलात, म्हटल्यावर म्हणाल्या, ‘आत्याकडून. ती लाल आलवणात होती. आम्हा सगळ्या पोरींच्या डोक्याला तीच तेल घालायची. हाताला उरलेलं तेल जात्याच्या खुंट्याला पुसायची. आमच्या जात्याचा खुंटा कसा काळा तुळतुळीत होता.’ सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कौतुक होते. बराच वेळ गप्प बसून मग त्या म्हणाल्या, ‘तिला कधी विचारलं नाही हो आम्ही काही.’

तेव्हापासून मी प्रत्येक घरात एक प्रश्न जास्तीचा विचारते. उत्तरे एकसारखी नाहीत. एका घरात सोवळ्या आजीला डोके दुखते म्हणून वैद्याच्या नावाखाली टाळूवर तेल थापले जाई. औषध म्हटले की दोष नव्हता. दुसऱ्या घरात सून रात्री दार लोटून सासूच्या खरखरीत डोक्यावर खोबरेल चोळत असे आणि घरातले पुरुष कळूनही न कळल्यासारखे करत. नियम होता आणि नियमाला बायकांनी पाडलेली भोकेही होती. ही भोके कुठल्याच निबंधग्रंथात नोंदलेली नाहीत.

नाकारण्याची आणखी एक तऱ्हा होती आणि तिला वपनाची गरज नव्हती. डोक्यावरून न्हायचे म्हणजे पाणी लागते, जळण लागते, तेलाला पैसा लागतो, उन्हात केस वाळवायला वेळ लागतो. ज्यांना सार्वजनिक तळ्यावर ओंजळही बुडवू दिली जात नव्हती, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या घरातल्या बाईचे न्हाणे कसे होत असेल? घंगाळभर ऊन पाणी आणि चार प्रकारची पूड ही कृती सांगताना आपण ज्याचे घर गृहीत धरतो, त्या घराच्या दारात विहीर असते.

तेल आणि फणी न लागलेल्या केसांत गुंता होतो, गुंत्याची जट होते. महाराष्ट्रात आणि सीमाभागात ही जट देवीची खूण मानली जाई. मुलीच्या केसांत जट दिसली की तिला यल्लम्माला वाहण्याचे निमित्त मिळे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या आजही गावोगाव जाऊन, बाईची भीती घालवून, तिच्या संमतीने जट कापतात. किलो-किलोचे ओझे मानेवर वागवलेल्या बाईचे डोके त्यानंतर पहिल्यांदा न्हाते. शिकेकाईच्या इतिहासात हे न्हाणेही यायला हवे.

पुडीतून पुडीत

ब्रिटनला ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्याकडून गेला, त्याचे मूळ चापणे-चेपणे या अर्थाच्या हिंदुस्थानी क्रियापदात आहे. आपली ‘चंपी’ त्याच घराण्यातली. पाटण्याचा शेख दीन महोमद इंग्लंडात ब्रायटनला जाऊन स्थिरावला, तिथे त्याने वाफारा आणि मर्दनाचे स्नानगृह चालवले आणि १८२२ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तेव्हा शॅम्पू म्हणजे मालीश. बाटलीतला फेस हा अर्थ त्याला नंतर चिकटला आणि त्या नव्या अर्थाने तो परत आला. हिंदुस्थान लिव्हरने सनसिल्क भारतात आणले ते १९६४ मध्ये. १९८३ मध्ये तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ शॅम्पूचा धंदा सुरू केला आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पुडीतून शॅम्पू खेड्यातल्या वाणसामानाच्या दुकानात लटकू लागला. मधल्या काळात शिकेकाई साबणाच्या वडीने जुन्या आणि नव्याचा सांधा जुळवला होता.

हे वाईट झाले असे मला म्हणवत नाही. वहीतल्या कित्येक बायकांनी शॅम्पूच्या पुडीचे नाव सुटकेच्या सुरात घेतले. शिकेकाई कुटताना येणाऱ्या शिंका, बंबाखालचा धूर, कंबरेइतके केस वाळेपर्यंत अडकलेली सकाळ, हे सगळे त्या पुडीने संपवले. आणखी एक गोष्ट पुडीने केली. दुकानदार पैसे घेऊन पुडी देतो, घेणारी सवाष्ण की विधवा हे विचारत नाही. परंपरेने जे डोके वगळले होते ते बाजाराने वगळले नाही. त्यात बाजाराचा उदारपणा नव्हता, गिऱ्हाइकी होती. तरी परिणाम झाला तो झाला.

आता चाक पुन्हा फिरले आहे. आवळा, माका, शिकेकाई, जास्वंद ही नावे बाटल्यांवर परतली आहेत आणि स्वयंपाकघरातल्या लेपांना तरुण मुली नव्याने हात घालत आहेत. माझी भाचीही मेथी-दह्याचा लेप लावून रविवारी बसते. मला त्याचा आनंदच आहे. खटकते ते बाटलीवरचे ‘आजीचे गुपित’. आजीने ते गुपित ठेवलेले नव्हते. तिला कोणी विचारले नव्हते, आणि जे विचारायला जात होते ते राजाच्या स्नानाबद्दल लिहीत होते. शिवाय ‘आजी’ म्हणताना डोळ्यांसमोर येते ती अंबाड्यात फूल माळलेली प्रसन्न म्हातारी. खुंट्याला हात पुसणारी आत्या त्या चित्रात बसत नाही, जरी कृती तिचीच असली तरी.

यंदा नरकचतुर्दशीच्या आधी घराघरांत उटणी येतील, तेले कोमट होतील. वाचकांकडे माझे एक मागणे आहे. घरात सत्तरीपलीकडची बाई असेल तर तिच्याकडून न्हाण्याची एखादी कृती लिहून घ्या. जिन्नस लिहा, माप लिहा, आच लिहा. त्याखाली आणखी तीन ओळी लिहा: हे कोण करत असे, पहिल्यांदा कोणाला लागत असे, आणि घरात कोणाला लागत नसे. तिसऱ्या ओळीला उत्तर यायला वेळ लागेल. माझा अनुभव असा की ते येते, पण बहुधा दुसऱ्या भेटीत.

माझ्या वहीत आता प्रत्येक कृतीच्या वर सांगणारीचे नाव आहे, तिच्या परवानगीने. रत्नागिरीच्या त्या तेलाच्या कृतीवर मात्र दोन नावे आहेत. सांगणाऱ्या बाईंनीच तसा आग्रह धरला. आत्याचे नाव आठवायला त्यांना दोन दिवस लागले, कारण घरात तिला सगळे आत्याच म्हणत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन करून नाव सांगितले आणि म्हणाल्या, ‘वर तिचं लिही, माझं खाली.’